हात शिवशिवतात तेव्हा : एका ट्रान्झिस्टर रेडिओच्या प्रकल्प नोंदी

४ जून

मीडियम वेव्ह आणि एक शॉर्ट वेव्ह पट्टा. सहा जर्मेनियम ट्रान्झिस्टर, ओए ७९ डायोड, चार मोठे सेल म्हणजे ६ व्होल्ट. मिक्सर (स्टेशनचा सिग्नल आयएफवर, म्हणजे एका ठरलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणणारा टप्पा) एएफ ११५, आयएफ वाढवणाऱ्या दोन्ही टप्प्यांना एएफ ११७, ड्रायव्हर (आउटपुटच्या आधीचा टप्पा) एसी १२६, स्पीकर हलवणाऱ्या आउटपुटला एसी १२८ ची जोडी. लाकडी पेटी. मागच्या झाकणाच्या आत सर्किटचा कागद चिकटवलेला आहे. त्याचा कोपरा फाटलाय, पण आकडे वाचता येतात. रेडिओ पूर्ण मुका.

झाकण निघालं की हात शिवशिवायला लागतात. बोर्डावर जे जे फिरतं ते फिरवून बघावंसं वाटतं: तीन आयएफटी (आयएफवर जुळवलेल्या कॉइल, आत फिरणारा गाभा), गँगवरचे (स्टेशन लावायच्या फिरत्या कंडेन्सरवरचे) ट्रिमर म्हणजे जुळवणीचे छोटे कंडेन्सर, एक प्रीसेट म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टन्स. ही ओढ वाईट नाही. तिच्याशिवाय कुणी झाकण उघडणारच नाही. पण आयएफटीचा गाभा एकदा फिरवला की तो आधी कुठे होता हे कायमचं हरवतं. म्हणून या कामाचा नियम: आधी बघायचं, मग मोजायचं, मग एकच गोष्ट बदलायची, आणि बदललेलं परत जागेवर नेता येईल इतकं लिहून ठेवायचं.

आजचा दिवस फक्त बघण्याचा. आधीच्या हातांच्या खुणा बऱ्याच आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या आयएफटीवरचं मेण तुटलंय, तिसऱ्यावरचं शाबूत आहे. दुसऱ्याच्या गाभ्याची खाच फुटली आहे, म्हणजे लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घातला होता. प्रीसेटच्या खाचेत चकचकीत ओरखडा. व्हॉल्यूम कंट्रोलच्या एका टोकाचं सोल्डर बाकीच्यांपेक्षा उजळ आणि गोळ्यासारखं. म्हणजे निदान चार ठिकाणी कुणीतरी खुडबुड केली आहे. बिघाड शोधताना या चार जागा वेगळ्या काढून ठेवायच्या, कारण मूळ बिघाड आणि त्यावर झालेले उपाय हे दोन थर आहेत. वरचा थर आधी निघतो.

फोटो चौदा: बोर्डाचे दोन्ही बाजूंनी, डायल दोरीचे तीन, प्रत्येक आयएफटीच्या खाचेची दिशा दिसेल असा एकेक.

५ जून

सेलचा खण. दोन स्प्रिंगांवर पांढरट हिरवी बुरशी चढलेली. सेल कोणत्या जातीचे होते त्यावर सफाई ठरते. साध्या झिंक कार्बन सेलची गळती आम्लधर्मी असते, तिला खाण्याच्या सोड्याचं पाणी. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं, त्याला पातळ व्हिनेगर. उलटं वापरलं तर काहीच निष्प्रभ होत नाही, नुसती ओल वाढते. इथले जुने सेल झिंक कार्बनचे होते. अर्धा कप पाण्यात एक चमचा सोडा घेऊन ब्रशने घासलं, मग साध्या ओल्या कापडाने पुसलं, शेवटी स्पिरिट. एक स्प्रिंग आतून खाल्ली गेली होती, ती बदलली. खणापासून बोर्डापर्यंतच्या काळ्या वायरीत गंज चार सेंटिमीटर आत शिरलेला होता. इन्सुलेशन सोललं तर तांबं काळं आणि त्यावर सोल्डर धरेना. पूर्ण वायर बदलली. वायरीचं टोक तेवढं कापून नवं सोल्डर करणं ही इथली नेहमीची चूक आहे.

८ जून

पहिल्यांदा वीज दिली. हे पीएनपी (ऋण पुरवठ्यावर चालणारे) ट्रान्झिस्टर आहेत, म्हणून सेलचा प्लस ग्राउंडला आणि मायनस पुरवठ्याला. आजच्या सवयीने उलटी वायर जोडली जाण्याचा धोका मोठा असतो, आणि एका सेकंदात इलेक्ट्रोलायटिक (प्लस मायनस ठरलेले कंडेन्सर) व ट्रान्झिस्टर दोन्ही जाऊ शकतात. दोनदा तपासून मग जोडणी.

पुरवठा ६ व्होल्ट, करंटची मर्यादा ८० मिलिअँप. असा पुरवठा नसेल तर सेलच्या वाटेत ४७ ओहम, १ वॅटचा रेझिस्टन्स घालावा. पूर्ण शॉर्ट असला तरी १२८ मिलिअँपच्या वर जाणार नाही, आणि त्याच्यावरचे दर ०.४७ व्होल्ट म्हणजे १० मिलिअँप असं वाचता येतं.

आवाज बंद ठेवून करंट ६८ मिलिअँप. कागदावर १४ लिहिलेत. ५४ मिलिअँप भलतीकडे जातायत.

दोन मिनिटांनी बोट फिरवून बघितलं. पुरवठ्यावरचा १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर कोमट. त्याचा एक पाय सोडवला, करंट ४६ वर आला. २२ सापडले, ३२ बाकी.

९ जून

आउटपुट जोडीच्या एमिटरला (ट्रान्झिस्टरचा एक पाय, बाकीचे दोन बेस आणि कलेक्टर) सामाईक ४.७ ओहमचा रेझिस्टन्स आहे. त्याच्यावर १०३ मिलिव्होल्ट, म्हणजे २२ मिलिअँप. कागदाप्रमाणे ६ हवेत, म्हणजे २८ मिलिव्होल्ट. प्रीसेटवरच्या त्या ओरखड्याचा अर्थ इथे लागतो. सेल उतरले की बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टर थोडा चालू ठेवणारा करंट, कमी पडतो आणि हळू आवाजात शब्द फाटल्यासारखे येतात. कुणीतरी सेल बदलण्याऐवजी प्रीसेट वाढवला असावा. फाटणं थांबलं असेल, पण नवे सेल घातल्यावर आउटपुट जोडी विनाकारण तापत राहिली.

प्रीसेटच्या आत्ताच्या जागेवर बारीक पेनाने खूण केली, मग हळूहळू मागे घेत २८ मिलिव्होल्टवर आणला. दहा मिनिटांनी ३३. जर्मेनियमचा गळती करंट साधारण दर ८ ते १० अंश सेल्सिअसला दुप्पट होतो, म्हणून थंड बोर्डावर लावलेला आकडा खरा मानू नये. बायसच्या वाटेतला थर्मिस्टर (तापमानाने बदलणारा रेझिस्टन्स) ही वाढ आवरतो. वाढ ३३ वर थांबली, म्हणजे तो काम करतोय. परत २८ वर आणून अर्धा तास ठेवलं, ३० च्या वर गेलं नाही.

एकूण करंट ३०. अजून १६ जास्त.

१२ जून

शोध बाजूला ठेवून इलेक्ट्रोलायटिक. पाचच आहेत. पुरवठ्याचा १०० गळका, ड्रायव्हरच्या एमिटरचा १०० आता ४१ मायक्रोफॅरड, कपलिंगचा (एका टप्प्यातून दुसऱ्यात सिग्नल नेणारा) १० आता ३.२. एजीसीचा (जोरदार सिग्नल आपोआप आवरणाऱ्या वाटेचा) १० आणि आरएफ लाइनवरचा (मिक्सर व आयएफच्या पुरवठ्यावरचा) १०० आकड्याने ठीक, पण अंतर्गत रोध वाढलेला. पाचही बदलले, १६ व्होल्टचे घातले. जुने पाकिटात, प्रत्येकावर जागेचा क्रमांक.

एक बदलायचा, रेडिओ चालू करून करंट वाचायचा, मग दुसरा. कंटाळवाणं आहे, पण पाच एकदम बदलून नवीन बिघाड उगवला तर पाचांपैकी कुठला हे कळत नाही. आणि उगवलाच. तिसऱ्यानंतर करंट ४ ने वाढला. कपलिंगचा कंडेन्सर उलटा बसला होता. बोर्डावर प्लसची खूण नव्हती आणि ग्राउंडकडे मायनस या आजच्या सवयीने हात चालला. कंडेन्सर लावण्याआधी दोन्ही छिद्रांवरचा डीसी मोजावा, जे टोक कमी ऋण तिकडे प्लस. उलटा बसलेला कंडेन्सर सुलटा करून वापरू नये. नवा घातला.

सिरॅमिक आणि पॉलिस्टर कंडेन्सरांना हात लावला नाही. एवढं उघडलंच आहे तर सगळेच बदलू, असं मनात येतं. पण या जातीचे कंडेन्सर क्वचितच जातात, आणि आयएफटीजवळचा एखादा बदलला की ट्यूनिंग हलतं.

व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला ओलं बोट लावलं, स्पीकरमधून ठणठणीत भुणभुण. ऑडिओ जिवंत आहे. स्टेशन एकही नाही.

१५ जून

आरएफ लाइनला पुरवठा ३३० ओहममधून जातो. तो रेझिस्टन्स गरम. त्याच्या एका टोकाला ६ व्होल्ट, दुसऱ्याला जवळपास शून्य. ६ भागिले ३३०, १८ मिलिअँप. हरवलेले १६ यातच आहेत.

एएफ ११४ ते एएफ ११७ या मालिकेचा आजार ठाऊक असेल तर पुढचं पाऊल सरळ आहे. या ट्रान्झिस्टरला चार पाय असतात, चौथा पाय धातूच्या टोपीला जोडलेला, म्हणजे शील्ड. टोपीला आतून कथलाचा मुलामा आहे. शुद्ध कथलातून वर्षानुवर्षं केसाहून कितीतरी बारीक स्फटिक तंतू वाढतात, काही मायक्रोमीटर जाडीचे. ते आतल्या इलेक्ट्रोडला भिडले की टोपीशी शॉर्ट. रेडिओ कपाटात बंद असला तरी तंतू वाढतच राहतात. १९९८ साली गॅलॅक्सी ४ हा दळणवळण उपग्रह निकामी झाला, त्याच्या नियंत्रक प्रोसेसरच्या बिघाडाचं कारणही कथलाचे असेच तंतू ठरलं होतं.

शोधायची रीत: शील्डचा पाय बोर्डाजवळ कापायचा, वर ५ मिलिमीटर टोक ठेवायचं, म्हणजे पुढे जोडता येईल. मग त्या टोकापासून बाकी तीन पायांकडे ओहम मोजायचे. सगळीकडे उघडं, म्हणजे कुठेच जोड नाही असं, दिसायला हवं.

दुसरा आयएफ: तिन्हीकडे उघडं. पहिला आयएफ: शील्ड ते कलेक्टर ६ ओहम. पाय कापताच करंट ३० वरून १३ वर आणि आरएफ लाइनला ५.४ व्होल्ट. मिक्सर: शील्ड ते एमिटर ९ ओहम, शील्ड ते बेस ११. पेन्सिलीने टोपीवर टिचकी मारली की आकडे हलतात. तंतू असल्याची ही पक्की खूण.

पहिल्या आयएफला पाय कापणं पुरलं, कारण तंतू एकाच इलेक्ट्रोडला लागलाय. मिक्सरमध्ये एमिटर आणि बेस टोपीतूनच एकमेकांना जोडले गेलेत, तिथे पाय कापून उपयोग नाही. चार्ज केलेला कंडेन्सर टोपी आणि पायांमध्ये सोडून तंतू जाळता येतात. पण तंतू परत वाढतात, कधी ट्रान्झिस्टरच जातो. शेवटचा उपाय म्हणूनच तो ठीक.

१६ जून

मिक्सरला एएफ १२५ बसवला. तोही जर्मेनियम, गुण एएफ ११५ सारखेच, टोपी लहान. सिलिकॉन पीएनपी बसवता येतो, पण त्याला बेस एमिटरमध्ये ०.२ ऐवजी ०.६ व्होल्टच्या आसपास लागतात. बायसचे रेझिस्टन्स बदलावे लागतात आणि सर्किटचा कागद खोटा पडतो. पायांचा क्रम वेगळा आहे, डेटाशीटवरून तपासून पायांना रंगीत नळ्या घातल्या. सोल्डर करताना प्रत्येक पायाला टोपीच्या बाजूने चिमटा, तीन सेकंदांच्या आत काम.

करंट १४. कागदावरचा आकडा. स्टेशन आली, दोन जोरात, तीन दबकी, आणि सगळ्यांवर शिट्टी.

१८ जून

शिट्टी. डायल फिरवताना सूर बदलतो, आवाज कमी केला की ती कमी होते, म्हणजे उगम व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी. पहिल्या आयएफच्या टोपीजवळ बोट नेलं की सूर घसरतो. कारण आपणच केलेलं: पाय कापला, टोपी आता ग्राउंडला नाही, आणि तंतूमुळे ती कलेक्टरलाच जोडलेली आहे. आयएफचा पूर्ण सिग्नल अंगावर घेऊन टोपी मिक्सरपासून १२ मिलिमीटरवर उभी आहे.

उपाय: टोपीवर उष्णतेने आवळणारी नळी, तिच्यावर तांब्याच्या पत्र्याची पट्टी गुंडाळली, पट्टीला बारीक वायर सोल्डर करून शील्डच्या जुन्या छिद्रात. शिट्टी गेली. पट्टीमुळे कलेक्टरवर काही पिकोफॅरड वाढले, म्हणजे त्या टप्प्याची आयएफटी थोडी खाली सरकली असणार. अलाइनमेंट (सगळ्या आयएफटी एकाच फ्रिक्वेन्सीवर जुळवणं) आजपर्यंत लांबवली ते बरं झालं. आधी केली असती तर आज परत करावी लागली असती.

२२ जून

आयएफ अलाइनमेंट. ज्यासाठी पहिल्या दिवसापासून हात शिवशिवत होते ते काम एकोणिसाव्या दिवशी आलं.

हत्यार: विणकामाची प्लॅस्टिकची सुई, टोक कानशीने घासून खाचेच्या मापाचं केलेलं. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर दोन प्रकारे घात करतो. फेराइट ठिसूळ असतं, जोर दिला की फुटतं. आणि लोखंड आत असताना मिळालेला शिखरबिंदू ते बाहेर काढताच हलतो, मग माणूस परत फिरवतो, परत हलतो.

सिग्नल जनरेटर ४५५ किलोहर्ट्झवर, ४०० हर्ट्झचं मॉड्युलेशन. ०.०१ मायक्रोफॅरडमधून मिक्सरच्या बेसला. गँगचा ऑसिलेटरचा (मिक्सरला दुसरी फ्रिक्वेन्सी देणाऱ्या सर्किटचा) भाग तारेने शॉर्ट. स्पीकर ८ ओहमचा, त्याच्यावर एसी मीटर. आउटपुट ५० मिलिवॅटच्या, म्हणजे ०.६३ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचं नाही. शिखर जवळ आलं की जनरेटर कमी करायचा, आवाजाचा कंट्रोल नव्हे. सिग्नल जोरात राहिला तर एजीसी काम करायला लागतो, शिखर सपाट दिसतं आणि गाभा चुकीच्या जागी थांबतो.

फिरवण्याआधीची स्थिती नोंदली: शिखर एक नाही, दोन. एक ४४१ ला, एक ४६८ ला. कानाने स्टेशन ऐकत गाभे फिरवले की हेच होतं. एका स्टेशनला आवाज वाढल्यासारखा वाटतो, पण मोजमाप नसल्याने दोन आयएफटी वेगवेगळ्या दिशांना जातात.

तिसऱ्या आयएफटीचं मेण शाबूत होतं. जनरेटर हळू फिरवून तिचं शिखर ४५५ ला बरोबर सापडलं. म्हणजे हीच मूळ साक्षीदार, कागदावरचा आकडाही खरा. तिला हात लावला नाही.

पहिली: पाऊण फेरा आत, ४५५. दुसरीचा गाभा वरच्या खाचेतून फिरेना, फुटका भाग सुईबरोबर सुटून येतो. गाभ्याला खालूनही खाच आहे आणि बोर्डाला तिथे छिद्र आहे. सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने पितळी तारेचा तुकडा गरम करून वरून गाभ्याला टेकवला, मेण मऊ झालं, मग खालून सव्वा फेरा बाहेर. दोन्हींवर परत एकदा. आता एकच शिखर, ४५५ ला, आणि दोन्ही बाजूंना ४ किलोहर्ट्झवर मीटर निम्म्यावर. मीडियम वेव्हवर स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात तिथे ही रुंदी योग्य. आणखी अरुंद करता येईल, पण बोलण्यातले स, श मातकट होतात.

४५५ हा आकडा पहिल्यापासून असा नव्हता. १९५४ चा रीजन्सी टीआर १ हा बाजारात आलेला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ २६२ किलोहर्ट्झवर चालायचा, कारण तेव्हाच्या ट्रान्झिस्टरांना त्याहून वर पुरेसं गेन देता येत नव्हतं. कमी आयएफची किंमत प्रतिमा फ्रिक्वेन्सीत (हव्या स्टेशनच्या जागी चुकून ऐकू येणारी दुसरी फ्रिक्वेन्सी) मोजावी लागते. ४५५ ला प्रतिमा स्टेशनपासून ९१० किलोहर्ट्झ दूर पडते, २६२ ला फक्त ५२४.

२३ जून

ट्रॅकिंग, म्हणजे डायलवरचे आकडे आणि खरी स्टेशनं जुळवणं. डायलवर ६००: ऑसिलेटर कॉइलचा गाभा फिरवून ६०० चा सिग्नल तिथे आणला, मग फेराइट रॉडवरची कॉइल सरकवून जास्तीत जास्त आवाज. डायलवर १४००: ऑसिलेटरचा ट्रिमर, मग अँटेनाचा ट्रिमर. पुन्हा ६००. तीन फेऱ्यांनंतर हलणं थांबलं. खालच्या टोकाला कॉइल, वरच्या टोकाला ट्रिमर, हा क्रम उलटा केला तर दोन्ही टोकं कधीच जुळत नाहीत.

जनरेटर नसेल तर दुसरा रेडिओ शेजारी ठेवावा. आपला काटा ६०० वर असताना ऑसिलेटर ४५५ ने वर, १०५५ वर असतो. दुसऱ्या रेडिओवर १०५५ ला खरखर एकदम दबते. १४०० साठी १८५५ लागेल, ते मीडियम वेव्हच्या बाहेर जातं, म्हणून तपासणी १००० वर करावी, ऑसिलेटर १४५५ ला सापडतो.

रॉडवरची कॉइल मेणाच्या दोन थेंबांनी पक्की केली. शॉर्ट वेव्हला हात लावला नाही, डायलवर जिथे असायला हवं तिथेच आहे.

२७ जून

किरकोळ. व्हॉल्यूमची खरखर काँटॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांनी आणि तीस वेळा फिरवण्याने गेली. गंज सोडवायचं तेल तिथे मारू नये, ते कार्बन पट्टीवर राहून धूळ धरतं. स्पीकरच्या कागदाला २ सेंटिमीटरची चीर, टिश्यू पेपर आणि निम्मं पाणी घातलेला पांढरा गोंद. डायल दोरी नवी, ०.७ मिलिमीटर विणलेलं नायलॉन. दांड्यावर अडीच वेढे. साडेतीन घातले तर वेढे एकमेकांवर चढून अडकतात, दीड घातला तर दोरी घसरते.

१ जुलै

रेडिओ बरा झाला. आता दुरुस्ती नाही, भर: मोबाइलचा आवाज याच स्पीकरवर. इथे खुडबुडीला मोकळं सोडलं आहे, दोन अटींवर. लाकडी पेटीला भोक नाही, आणि चार जागी सोल्डर काढलं की रेडिओ मूळचा.

३.५ मिलिमीटरचा स्विचवाला जॅक, सेलच्या खणात पत्र्याच्या पट्टीवर. प्लग आत गेला की डिटेक्टरची (सिग्नलमधून आवाज वेगळा काढणाऱ्या डायोडची) वाट तुटते, बाहेर आला की जुळते. डावा आणि उजवा दोन्ही ४७ किलोओहममधून एकत्र, पुढे १ मायक्रोफॅरड पॉलिस्टर, मग व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला. कंट्रोल ५ किलोओहमचा आहे, त्यामुळे १ व्होल्टचा साधारण ०.१८ होतो. दोन वाहिन्या रेझिस्टन्सशिवाय थेट जोडल्या तर मोबाइलचे दोन ॲम्प्लिफायर एकमेकांवर जोर लावतात.

जॅकचं बाहेरचं कडं रेडिओच्या ग्राउंडला, म्हणजे सेलच्या प्लसला जातं. सेलवर चालताना त्रास नाही. पण रेडिओ आणि मोबाइल एकाच पुरवठ्यावर लावले तर पुरवठ्याचा मायनस मोबाइलच्या ग्राउंडमधून थेट प्लसला भिडेल. म्हणून ६०० ते ६०० ओहमचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मध्ये घातला. खालचे सूर किंचित पातळ झाले, ते चालेल.

४ जुलै

चार तास सलग चालवला. करंट १४ ते १५.५. प्रीसेट, ट्रिमर आणि दोन्ही आयएफटींवर नवीन मेण.

आवाज आणखी गोड करता येईल का, कपलिंग ४७ मायक्रोफॅरड करून बघावं का, असं वाटत राहतं. केलं नाही. स्पीकर १० सेंटिमीटरचा आहे, जास्त खोल सूर तो देऊ शकत नाही, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा गाभाच लहान आहे.

५ जुलै

झाकणाच्या आत जुन्या कागदाशेजारी नवा कागद, पेन्सिलीने (शाई ओल धरून पसरते):

मिक्सर एएफ १२५, मूळ एएफ ११५. पहिल्या आयएफचा शील्ड पाय कापलेला, तांब्याची पट्टी ग्राउंडला, काढू नये. इलेक्ट्रोलायटिक पाचही नवे. आउटपुट बायस ४.७ ओहमवर २८ मिलिव्होल्ट, दहा मिनिटं तापल्यावर मोजावा. जॅकची जोडणी सेलच्या खणात, काढायच्या चार जागांवर लाल ठिपका. जुने सुटे भाग पाकिटात, स्पीकरच्या मागे. तिसऱ्या आयएफटीचं मेण मूळ आहे. दुसऱ्या आयएफटीची वरची खाच फुटलेली, गाभा फक्त खालून फिरतो.